टॅब आले, ग्रंथपाल कुठे आहेत?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खाती बंद करायला लावली आणि आपल्याकडच्या जुन्या वादाला नव्याने तोंड फुटलं. मुलुंडपासून परळपर्यंत पालकसभांमध्ये, आणि त्याहून जास्त पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर, सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, शाळेच्या फाटकाच्या आत स्क्रीन दिसताच कामा नये. वही, पुस्तक, फळा पुरे. दुसरा म्हणतो, जग कुठे चाललंय आणि तुम्ही पाटी घेऊन बसलात. स्मार्ट बोर्ड आणा, टॅब आणा, शाळेचं इन्स्टाग्राम जरा जोरात चालवा. पहिल्या तटाचा निरोपही रात्री साडेअकराला फॉरवर्ड होऊनच येतो, ही त्यातली गंमत.

भांडण कडाक्याचं असलं तरी दोन्ही तटांचं एका बाबतीत एकमत आहे. मूल पडद्यासमोर बसणार ते बघ्या म्हणूनच, हे दोघांनीही धरून चाललेलं आहे. वाद फक्त किती वेळ बसवायचं एवढाच. मला हे गृहीतकच मान्य नाही. तंत्रज्ञान शाळेत जरूर यावं. पण ते ग्रंथालयाच्या दारातून यावं, मुलांच्या हातून काहीतरी घडावं म्हणून यावं, शाळेच्या मालकीच्या मोजक्या साधनांवर यावं, आणि ते हाताळायला शिकवणारा माणूस त्याआधी नेमलेला असावा. सोशल मीडियावरचं खातं शाळेने कुठल्याही मुलाला काढून देऊ नये. मात्र अनोळखी माणसांपुढे आपलं म्हणणं कसं ठेवावं, हे शाळेनेच शिकवावं. ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देणारी वाटतील, पण त्यांचं नीट जुळतं.

बंदीवाल्यांची बाजू आधी घेते, कारण ती मुळीच लेचीपेची नाही. युनेस्कोने २०२३ च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालात शाळांमधल्या तंत्रज्ञानाच्या फायद्यांबद्दल ठोस पुरावे फार थोडे आहेत, असं स्पष्ट म्हटलं. वर्गात फोन नुसता जवळ असला तरी लक्ष उडतं, हेही त्यात आहे. स्वीडनसारख्या पैशाने आणि यंत्रांनी संपन्न देशाने त्याच वर्षी छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा वेगळा निधी काढला. आपल्याकडच्या शालेय शिक्षणाच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं, तर आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरणारी ५७ टक्के निघाली आणि सोशल मीडियासाठी वापरणारी ७६ टक्के. मुंबई त्या पाहणीत नव्हती. इथलं चित्र वेगळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये क्लासहून परतणारी मुलं बघितली की पुरे.

पेरूचं उदाहरण तर अधिकच बोलकं आहे. त्या देशाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या कल्पनेपायी आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली बाहेर आला, त्यात भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत मुलांची काही प्रगती दिसली नाही. आपण यातून काय शिकलो? २०१५ साली मुंबई महापालिकेच्या शाळांत आठवीच्या मुलांना टॅब वाटले गेले तेव्हा कारण सांगितलं होतं दप्तराच्या ओझ्याचं. टॅबमध्ये काय होतं, तर पाठ्यपुस्तकं. म्हणजे तीच पुस्तकं काचेआड गेली, आणि छापील पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने दोन शब्द खरडायची जी सोय होती तीसुद्धा गेली. त्याआधी पुण्यात १९८४ साली टीव्हीसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी उभी राहिली. कष्टाळू माणसांनी तिथे चांगले कार्यक्रम केले, आणि २०१७ साली ती संस्था बंद पडली. या सगळ्या खटपटींमध्ये एक समान धागा आहे. मोठ्यांनी मजकूर तयार करायचा आणि तो दूरवर बसलेल्या मुलांपर्यंत पोचवायचा. यंत्र बदलत गेलं: टीव्ही, मग सीडी, मग टॅब, मग पाठ्यपुस्तकाच्या पानावरचा क्यूआर कोड. मुलाची जागा मात्र तीच राहिली, हाताची घडी घालून बसायची.

तेव्हा बंदीवाले जे पुरावे देतात ते खरे आहेत, पण ते पोचवण्याच्या तंत्रज्ञानाविरुद्धचे पुरावे आहेत. मुलाने स्वतः काही बनवावं म्हणून दिलेल्या साधनाबद्दल ते फारसं काही सांगत नाहीत. आणि या दुसऱ्या प्रकाराला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सेलेस्तँ फ्रेने हा फ्रान्सच्या दक्षिणेतल्या एका खेड्यातला प्राथमिक शिक्षक. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुफ्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे वर्गात तासन्‌तास बोलणं त्याला झेपत नसे. १९२० नंतरच्या त्या काही वर्षांत त्याने वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणून ठेवलं. मुलं गावात फिरून यायची, पाहिलेलं सांगायची, त्यातला एक मजकूर सगळी मिळून निवडायची, दुरुस्त करायची, अक्षरांचे खिळे जुळवायची आणि छापायची. छापलेली पानं दूर ब्रिटनीमधल्या दुसऱ्या एका शाळेला टपालाने जायची, तिकडून उत्तरं यायची. डोंगरातल्या पोरांना समुद्रकाठच्या पोरांचे प्रश्न आले की आपण लिहिलं होतं ते अर्धवट होतं, हे त्यांचं त्यांना कळायचं. हे सोशल मीडिया नाही तर दुसरं काय? वाचक अनोळखी होता, प्रतिसाद खरा होता, चुकीची थोडी लाजही होती. फक्त मध्ये जाहिराती विकणारी कंपनी नव्हती, आणि टपालाच्या वेगामुळे विचार करायला चार दिवस मिळत होते. आपल्याकडच्या शाळांत हस्तलिखित अंक आणि भित्तिपत्रकं होतीच की. चित्रकलेच्या मास्तरांनी सजवलेलं मुखपृष्ठ, वळणदार अक्षराच्या मुलीकडून लिहून घेतलेली पानं, आणि स्नेहसंमेलनात काचेच्या पेटीत ठेवलेला तो एकुलता एक अंक. वाचत कोणी नसे, ही त्याची मर्यादा होती.

आता आजचं एक उदाहरण. लालबाग-परळ भागातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववीच्या काही मुलांनी घरातल्या आणि चाळीतल्या आजोबा-आजींच्या गिरणीतल्या आठवणी रेकॉर्ड केल्या. साधनं होती शाळेचा एक जुना फोन, कॉलरला लावायचा स्वस्तातला माइक आणि संगणक कक्षात ऑडॅसिटी हे आवाज कापायजोडायचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. एका रेकॉर्डिंगमध्ये ऐन मोक्याच्या वाक्यावर कुकरची शिट्टी झाली होती. ती कापायची की ठेवायची यावर दोन गट पडले आणि अर्धा तास वाद रंगला. पण खरी मजा पुढे होती. आजोबा, एकेकाळचे साचेवाले म्हणजे गिरणीत माग चालवणारे, सांगत होते की आमचा संप दिवाळीलाच सुरू झाला. मुलांनी इंटरनेटवर पाहिलं तर तारीख १८ जानेवारी १९८२. झालं, आजोबा चुकले, वाक्य उडवा! ग्रंथपाल बाईंनी थांबवलं. कपाटातून गिरणी संपावरचं पुस्तक काढलं आणि मुलांनाच शोधायला लावलं. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा, सुमारे अडीच लाख कामगारांचा सार्वत्रिक संप जानेवारीतलाच. पण बोनसच्या वादावरून काही गिरण्यांमध्ये १९८१ च्या ऑक्टोबरातच काम थांबलं होतं. आजोबांची गिरणी त्यातली. म्हणजे आजोबाही बरोबर आणि पुस्तकही बरोबर. इंटरनेटवरचं पहिलं उत्तर खोटं नव्हतं, अपुरं होतं. हा धडा नागरिकशास्त्राच्या कुठल्या प्रकरणातून असा पोचला असता, सांगा बरं.

मग तयार झालेलं रेकॉर्डिंग आजोबांना ऐकवलं. त्यांनी एक जागा काढून टाकायला सांगितली, संपाच्या काळात घरातलं काय काय गहाण पडलं ती. मुलांना वाटत होतं, तेच तर सगळ्यात भारी आहे. बाई म्हणाल्या, “आठवण त्यांची आहे, निर्णय त्यांचा.” ते वाक्य गेलं. शेवटी जे राहिलं ते शाळेच्या संकेतस्थळावर चढलं, मुलांची पहिली नावं फक्त, चेहरा कोणाचाच नाही. या एवढ्या उद्योगात काय काय आलं ते पाहा: प्रश्न विचारणं, ऐकणं, निवडणं, दोन साधनांची उलटतपासणी, दुसऱ्याची संमती, आणि प्रसिद्ध करण्याआधी थांबणं. यातली शेवटची दोन तर फोनवर अंगठा फिरवणाऱ्या मोठ्यांनाही येत नाहीत.

यात फोन होता, पण शाळेचा. इंटरनेट होतं, पण एका प्रश्नापुरतं. आणि बाई नसत्या तर आजोबांचं वाक्य पहिल्याच दिवशी उडालं असतं. मी ग्रंथालयाच्या दारावर अडून बसते ती यासाठी. ग्रंथालयाला परीक्षा नसते, पोर्शन नसतो. एखाद्या प्रश्नामागे दोन आठवडे घालवण्याची चैन शाळेत फक्त तिथेच परवडते. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम सांगितले, त्यातला शेवटचा ग्रंथालय ही वाढती संस्था आहे असं म्हणतो. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं, तेव्हा लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या जोडीला त्याच खात्यात काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवणारे मॅजिक लँटर्न आणि सिनेमाची यंत्रंही होती. महाराजांना पुस्तक आणि पडदा यांच्यात सवतीमत्सर दिसला नाही. आपल्याला शंभर वर्षांनंतर का दिसावा?

इथे पुस्तकवाले एक रास्त आक्षेप घेतात. मुलांना आधी वाचता तरी येऊ दे. जिथे धड गोष्टीची पुस्तकं नाहीत तिथे माइक कसले आणता? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं २००९ पासून लिहिलेलं आहे. किती शाळांतली ती कपाटं रोज उघडतात? पुस्तक फाटलं तर भरपाई कोण देणार या भीतीने कुलूप, आणि कुलूप म्हणून वाचक नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आला की पुस्तकं टेबलावर मांडायची, फोटो काढायचा, वरिष्ठांच्या ग्रुपवर टाकायचा, पुन्हा कुलूप. हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्याचा निष्कर्ष ‘माइक नको’ असा कसा निघतो, ते कळत नाही. निष्कर्ष ‘किल्ली काढा’ असा निघतो. उलट, मुलाला काहीतरी बनवायचं असलं की ते पुस्तकाकडे वळतं. वरच्या उदाहरणातलं गिरणीचं पुस्तक किती वर्षांनी बाहेर आलं होतं कोण जाणे. शिवाय पुस्तकांची टंचाई थोडी हलकी करायला तंत्रज्ञानच हाताशी आहे. १९७१ पासूनच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर खुले केले आहेत. स्टोरीवीव्हर या खुल्या संकेतस्थळावर मराठीसह कितीतरी भाषांतल्या गोष्टी कोणालाही वाचता येतात, छापता येतात, दुसऱ्या भाषेत नेता येतात. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी आणि दक्षिणेतल्या भाषा मिळून आठ माध्यमांतून चालतात, कित्येकदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमं. तळमजल्यावरच्या उर्दू वर्गाने एक गोष्ट करावी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मराठी वर्गाने ती आपल्या भाषेत आणावी, याला ना मोठं बजेट लागतं ना निविदा.

दुसरा आक्षेप विषमतेचा, आणि मुंबईत तो फार टोचतो. २०२० च्या मार्चपासून शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. त्या दीड वर्षात धारावी-गोवंडीच्या घरांतून एक फोन, तीन भावंडं आणि तो फोन घेऊन कामावर जाणारे वडील, हे चित्र सगळ्यांनी पाहिलं. ज्याच्याकडे यंत्र त्याचं शिक्षण, असं पुन्हा होऊ द्यायचं का? नाहीच. पण म्हणूनच साधन घरी पाठवू नका, ग्रंथालयात ठेवा. बंदीने विषमता मिटत नाही, ती घरात ढकलली जाते. वरळीच्या टॉवरमधल्या मुलीला चित्रपट संपादनाचा क्लास लावता येतो. तिच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाला फोन मिळतो तो फक्त रील्स बघायला, कारण त्याच फोनने काय करता येतं हे सांगणारं त्याच्या आसपास कोणी नाही. एकीला तंत्रज्ञान म्हणजे हत्यार, दुसऱ्याला करमणूक. ही दरी भरायची सार्वजनिक जागा शाळेशिवाय दुसरी कोणती?

आता सोशल मीडिया. इथे मी बंदीवाल्यांच्या बरीच जवळ आहे, आणि माझी पहिली तक्रार मुलांबद्दल नाहीच. फोन आणला म्हणून पालकांना बोलावून घेणाऱ्या शाळा स्वतः काय करतात? दहीहंडीचा नाच, पहिलीच्या पोरांचं रडू, बक्षिसं, गणवेशावरच्या नावासकट हसरे चेहरे, सगळं गाण्यावर बसवून रील. खाली हार्ट, प्रवेशाची चौकशी आणि फोन नंबर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे. त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळून घेता येईल अशी संमती मागितली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. शाळेच्या प्रवेश अर्जात तळाशी बारीक अक्षरात टाकलेली एक ओळ म्हणजे ती संमती, असं कोणाला प्रामाणिकपणे म्हणता येईल? त्या रीलमधलं मूल स्वतः काही म्हणत नसतं, त्याचा वापर झालेला असतो. त्याच मुलाला आपण दुसऱ्या दिवशी परिपाठात समाजमाध्यमांचे दुष्परिणाम ऐकवतो.

म्हणून खातं नको, पण सार्वजनिक लेखन हवं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. आपल्या गल्लीतल्या विहिरीबद्दल, देवळाबद्दल, बंद पडलेल्या सिनेमागृहाबद्दल नववीच्या वर्गाने मिळून एक परिच्छेद लिहावा, प्रत्येक वाक्याला संदर्भ शोधावा आणि शिक्षकाने तो आपल्या खात्यावरून चढवावा. दोन दिवसांत कोणीतरी अनोळखी माणूस येऊन संदर्भ नाही म्हणून ओळ काढून टाकेल. मुलं चिडतील, चिडू द्या. चिडून शिवी हासडायची की संदर्भ शोधायचा, हा फरक त्या क्षणीच शिकता येतो आणि शेजारी मोठं माणूस असतानाच शिकलेला बरा. सोळा किंवा अठरा वर्षांपर्यंत काहीच नाही आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सगळं खुलं, यातून शहाणी माणसं कशी तयार होणार?

माध्यमाच्या विटाळाची भीती मुंबईला नवी नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली इथे पंचांग छापलं, त्या काळात सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवत नसत, कारण शाईत जनावराची चरबी. गणपत कृष्णाजींनी छापखाना बंद केला नाही, आणि ‘काळाबरोबर चला’ असं सोवळेकऱ्यांना ऐकवतही बसले नाहीत. चरबीऐवजी तूप घालून शाई केली आणि धर्मग्रंथ छापले. आज आपल्याला असंच शाईतलं काय बदलायचं ते ठरवायचंय. माझी यादी छोटी आहे. यंत्र शाळेचं असावं, मुलाचं नाही, खातं शिक्षकाचं, चेहरा आणि आडनाव कुठेही नाही, तयार झालेलं काम आठवडाभर राखून मगच प्रसिद्ध करायचं. आणि जे सॉफ्टवेअर मुलाऐवजी स्वतःच चित्र काढून देतं, निबंध लिहून देतं, ते निदान आठवीपर्यंत दाराबाहेर. हल्ली प्रकल्पांच्या वह्यांत एकाच वळणाची गुळगुळीत चित्रं दिसू लागली आहेत. शिवाजी महाराजांपासून पाण्याच्या चक्रापर्यंत सगळ्यांवर तोच सोनेरी उजेड. त्याला सर्जनशील म्हणायचं असेल तर किराणा दुकानातल्या कॅलेंडरलाही म्हणावं लागेल.

राहिला शिक्षकांचा आक्षेप, आणि त्याला उत्तर देताना माझी खरी अडचण होते. पोर्टलवर माहिती भरा, फोटो अपलोड करा, निवडणुकीचं काम करा, त्यात हे आणखी एक? बरोबर आहे. वर्गशिक्षकावर हे लादलं तर त्याचंही वाचन प्रेरणा दिनासारखं होईल: फोटोपुरतं. म्हणून माणूस वेगळा लागतो. आपल्याकडे माध्यमिक शाळेचा ग्रंथपाल शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोजला जातो, पद पटावर अवलंबून, पट घसरला की पूर्णवेळाचा अर्धवेळ. कित्येक प्राथमिक शाळांत ही जबाबदारी ‘ज्याच्याकडे कपाटाची किल्ली तो’ अशी असते. वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असतो, तो गणिताचा पोर्शन उरला की आधी जातो. टॅबच्या खरेदीला उद्घाटन असतं, फीत असते, फोटो असतो. ग्रंथपालाच्या नेमणुकीला यातलं काहीच नसतं, म्हणून ती दरवर्षी मागे पडते. पालकांना फोन हवा की नको यावर हात वर करायला लावण्यापेक्षा शाळेने त्यांना तीन गोष्टी लेखी सांगाव्यात: ग्रंथपालाचं पद भरलेलं आहे का, ग्रंथालयाचा तास गेल्या महिन्यात प्रत्यक्ष किती वेळा झाला, आणि शाळेच्या सोशल मीडियावरच्या पानांवर असलेले त्यांच्या मुलांचे व्हिडिओ कोणाच्या परवानगीने आहेत. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी लगेच मिळणार नाही. ते मिळेपर्यंत ती पानं बंद ठेवायला हरकत नसावी.